वाख, गोणी आणि गोफण : दोर वळणाऱ्या हातांचा इतिहास

मे महिन्यात आम्ही आमच्या वस्तीतल्या मुलामुलींचे चार दिवसांचे शिबिर घेतले. सकाळी संविधान आणि महाड, दुपारी हाताचे काहीतरी काम, असा साधा कार्यक्रम. दुपारच्या कामाला आम्ही निवडले युरियाच्या रिकाम्या गोणीपासून दोरी वळणे आणि त्या दोरीची गोफण विणणे. गोण्या फुकट मिळतात, हत्यार लागत नाही, मुले रमतात, एवढाच आमचा विचार होता. दुसऱ्या दिवशी वस्तीतले एक म्हातारे बाबा समाजमंदिराच्या दारात येऊन उभे राहिले. मुलांच्या हातातल्या दोऱ्या पाहिल्या आणि आम्हाला म्हणाले, "जे सोडायला आमच्या दोन पिढ्या गेल्या, ते तुम्ही पोरांच्या हातात परत देताय व्हय?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. हा लेख त्यांच्या प्रश्नापासून सुरू झाला आहे. त्या प्रश्नामागे जो इतिहास आहे तो आपल्याच चळवळीने नीट वाचलेला नाही, हे आम्हाला शोधताना कळले.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. जुन्या कागदपत्रांत आणि बलुत्याच्या याद्यांत 'मांग' असा शब्द येतो. इतिहास सांगताना तो टाळता येत नाही, म्हणून तिथे तो वापरला आहे. एरवी आम्ही मातंग म्हणतो.

गावगाड्यात दोर वळणे हे मांगाचे काम. मोट होती तोवर गावाची शेती अक्षरशः दोरावर टांगलेली होती. मोट ओढायला जाड नाडा, मोटेच्या सोंडेला बारीक सोंदूर, बैलाला कासरा, नाकात वेसण, तोंडाला मुसके, गोठ्यात दावे, घरात शिंके. दर पोळ्याला बैलाचा साज नवा. यातले एक जरी तुटले तरी काम थांबायचे. हा सगळा माल पुरवायचा आणि बदल्यात सुगीला खळ्यावर पदर पसरून उभे राहायचे, याचे नाव बलुते. किती दोर द्यायचा याला मर्यादा नाही आणि किती धान्य मिळेल याची हमी नाही. त्रिंबक नारायण आत्र्यांचे 'गावगाडा' हे पुस्तक 1915 चे. आत्रे सरकारी नोकरीतले, त्यांची नजर वरून खाली पाहणारी. तरीसुद्धा बलुत्याच्या जोरावर गाव कसा चालतो हे त्यांच्या पुस्तकातून लपत नाही.

आता हा दोर तयार कसा व्हायचा ते पाहा. त्यासाठी अंबाडी, ताग किंवा घायपात लागायची. घायपातीला आपल्याकडे केकताडही म्हणतात. हे झाड मूळचे मेक्सिकोकडचे, पण बांधावर आणि माळावर असे रुजले की आता कोणाला ते परके वाटत नाही. तिची काटेरी पाने कापायची, पाण्यात दगडाखाली दाबून कुजवायची, मग दगडावर बडवायची आणि धुवायची. जो तंतू हाती येतो तो वाख. कुजलेल्या पानांचा वास दूरवर जातो आणि घायपातीचा रस अंगाला लागला की खाज सुटते, कातडी लाल होते. ज्या बाबांनी आम्हाला हटकले त्यांनी आपले तळहात पुढे केले होते. बोटांच्या पेरांवरच्या रेषा पुसल्यासारख्या गुळगुळीत झाल्या आहेत. वाख कोरडा झाला की उन्हात फिरकीवर पेड वळायचे, दोन किंवा तीन पेड उलट्या दिशेने एकमेकांवर घालायचे. चांगला नाडा वळायला एकट्याचे काम नाही, सगळे घर लागते. एक फिरकी धरतो, एक वाख पुरवतो, एक पीळ सारखा ठेवत मागे मागे सरकतो.

या घामाचे गाव काय करत होता? तो नाडा विहिरीत सोडत होता. मांगाच्या हाताने कुजवलेला, बडवलेला, थुंकी लावून वळलेला दोर रोज विहिरीच्या तोंडावरून वरखाली होई. दोराने पाणी बाटत नव्हते. तो वळणारा माणूस त्याच विहिरीच्या कठड्यापाशी आला की मात्र पाणी बाटत होते. महाडला 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब चवदार तळ्याकडे चालत गेले तेव्हा जो प्रश्न त्यांनी विचारला, तो मांगाचा दोर शेकडो वर्षे प्रत्येक विहिरीवर विचारत होता. वस्तू शुद्ध आणि वस्तू बनवणारा अशुद्ध, हा या व्यवस्थेचा हिशोब आहे. केरसुणीचे तेच. शिंदीच्या पानांची केरसुणी मातंगाने बांधायची, दिवाळीला तिच्यावर हळदकुंकू वाहून लक्ष्मी म्हणून पुजायचे आणि बांधणाऱ्याला उंबऱ्याबाहेर ठेवायचे. आपल्या माताभगिनींनी अजून किती दिवाळ्या ती केरसुणी पुजायची याचाही विचार करावा.

दोराने आणखी काय काय केले तेही सांगायला हवे, नाहीतर आम्हीही कारागिरीचे गोडवे गाणाऱ्यांच्या रांगेत बसू. फाशी देण्याचे काम मांगावर टाकलेले होते. म्हणजे राजाने शिक्षा सुनवायची, गळफास मांगाने वळायचा, तो ओढायचाही मांगाने आणि पाप त्याच्या जातीला लावायचे. मरीआईच्या पोतराजाच्या हातातला कोरडा पाहा. जाड पिळाचा, टोकाला निमुळता. तो हवेत फटाका काढतो आणि स्वतःच्या उघड्या अंगावर उतरतो. आपण वळलेला दोर आपल्याच पाठीवर, आणि तो पाहून ओटीत टाकलेले चार दाणे! 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये 1936 साली बाबासाहेबांनी पेशवाईतल्या नियमांची आठवण करून दिली : अस्पृश्याने मनगटात किंवा गळ्यात काळा दोरा बांधावा, पुण्यात फिरताना कमरेला झाडू लटकवावा, गळ्यात मडके अडकवावे. ते वाचताना आम्ही नेहमी झाडू आणि मडके पाहतो. त्यांना बांधणारी दोरी पाहत नाही. ती कोणी वळली असेल?

महात्मा फुल्यांनी 1883 मध्ये आपल्या ग्रंथाला 'शेतकऱ्याचा असूड' हे नाव दिले. असूड म्हणजे पिळाचा दोरच. ज्याच्या पाठीवर तो पडत होता त्याच्या हातात तो देण्याची ही कल्पना होती. त्यांच्याच शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने 1855 मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. तिच्या घराण्यातल्या कोणत्या हातांनी दोर वळला असेल ते आपल्याला माहीत नाही, पण त्या हातात लेखणी आली ही गोष्ट कागदावर नोंदलेली आहे. बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात 1874 च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. ते महार वतनासंबंधी होते, पण त्यामागचा मुद्दा प्रत्येक बलुतेदाराला लागू पडतो. काम काय ते ठरवा, मोबदला काय ते ठरवा, आणि ज्याला वतन नको त्याला सुटू द्या. कनिष्ठ गावकामगार वतने महाराष्ट्रात कायद्याने गेली ती 1958 च्या कायद्याने, म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर.

आम्हाला काही मंडळी विचारतात, हाताच्या कामाला प्रतिष्ठा द्यायला गांधीजींनी सांगितलेच होते, तुमचे भांडण काय? भांडण असे आहे. चरख्यावर सूत कातणे आणि फिरकीवर वाख वळणे या दोन्हींत तंत्र एकच आहे : तंतूला पीळ देऊन बळ आणणे. सूत कातणे राष्ट्रकार्य झाले, पुढाऱ्यांनी चरख्यासमोर बसून फोटो काढले, चरखा झेंड्यावर गेला. मांगवाड्यातली फिरकी मांगवाड्यातच राहिली, कारण चरखा कोणीही हातात घेऊ शकत होता आणि फिरकी हातात घेतली की जात चिकटत होती. जातीचे काम अभिमानाने करा हा उपदेश ज्याला ते काम जन्माने लादलेले नाही त्याने करणे सोपे असते. जातव्यवस्था ही श्रमांची विभागणी नाही, श्रमिकांची विभागणी आहे, असे बाबासाहेबांनी सांगितले ते यासाठीच. वाख वळण्यात हीनपणा नव्हता. वाख वळणाराच्या मुलाने वाखच वळला पाहिजे यात तो होता.

मग हा धंदा गेला कसा? चळवळीने सोडवला तेवढाच तो सुटला असे नाही, हे प्रामाणिकपणे मान्य करू. विहिरीवर इंजिने आणि विजेचे पंप आले, मोट बंद पडली, नाडा-सोंदूर नकोसा झाला. बैलांच्या जागी ट्रॅक्टर आले. गायरानांवर अतिक्रमणे झाली, बांध कोरले गेले, घायपात तुटली. दादासाहेब गायकवाडांनी 1959 ला आणि पुन्हा 1964 ला भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला. त्यातल्या गायरानाच्या मागणीत कच्च्या मालाचाही प्रश्न दडलेला होता असे आम्हाला वाटते, कारण घायपात ज्या पडीक जमिनीवर उगवत होती ती आपली कधीच नव्हती. आणि मग आला प्लास्टिकचा दोर. पॉलिप्रोपिलीन हा पदार्थ 1954 मध्ये इटलीत जुलिओ नात्ता यांच्या प्रयोगशाळेत तयार झाला. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत त्याचे निळे-हिरवे दोर आपल्या आठवडी बाजारात वजनावर मिळू लागले. पाण्यात कुजत नाही, हलका, स्वस्त. वाखाच्या चऱ्हाटाला गिऱ्हाईक राहिले नाही. खताच्या तागाच्या गोण्या जाऊन विणलेल्या प्लास्टिकच्या गोण्या आल्या, त्यामुळे सुतळीही गेली.

धंदा गेला, शिक्का राहिला. बलुते बंद झाले पण वाडा गावाबाहेरच होता. 1972 च्या दुष्काळात आणि त्यानंतर आपली माणसे पुण्या-मुंबईच्या झोपडपट्ट्यांत आली. तिथे दलित बायांच्या वाट्याला काय आले? कचरा. ज्या प्लास्टिकने गावातला वाख मारला, तेच प्लास्टिक शहराच्या उकिरड्यावरून वेचायचे, दुधाची पिशवी वेगळी, पाण्याची बाटली वेगळी, गोणी वेगळी करून भंगारवाल्याच्या काट्यावर घालायची. पुण्यात 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली ती या बायांच्या संघटनेतून. ओळखपत्र मिळवणे, आपल्याला कामगार म्हणून मानायला लावणे, हे लढे त्यांना लढावे लागले. भंगारातले प्लास्टिक धुऊन, वितळवून त्याचा दाणा करतात आणि त्या दाण्यापासून पुन्हा स्वस्त सुतळी निघते. वेचणारीच्या घरी ती सुतळी किराणा दुकानातून विकत येते. ही साखळी कधी एकत्र जोडून कोणी सांगितली आहे का?

आता शिबिरातल्या कामाकडे येतो, कारण त्यातला तपशील आम्हाला स्वतःला करून पाहिल्याशिवाय कळला नाही.

खताची गोणी म्हणजे प्लास्टिकच्या चपट्या पट्ट्यांचे विणकाम. कारखान्यात पट्टी तयार करताना ती ताणतात, त्यामुळे लांबीच्या दिशेने ती फार मजबूत असते आणि रुंदीच्या दिशेने नखानेही चिरते. गोणी आधी नीट धुवायची, खताची पावडर हाताला आणि डोळ्याला लागू द्यायची नाही. शिवणीचा योग्य धागा सापडला की एका ओढीत सगळी शिवण सरसर उसवते. चुकीचा ओढला तर गाठ बसते आणि मुलांचा अर्धा तास जातो. कडा कापून पट्ट्या उभ्या सोडवायच्या. आठ-दहा पट्ट्यांचा एक पेड, असे दोन पेड खिळ्याला अडकवायचे. दोन्ही पेडांना उजवीकडे पीळ द्यायचा आणि मग ते एकमेकांवर डावीकडे घालायचे. प्रत्येक पेड आपला पीळ सोडायला धडपडतो आणि त्या धडपडीनेच दोघे एकमेकांना घट्ट धरतात. नवी पट्टी जोडताना सगळे सांधे एकाच जागी येऊ द्यायचे नाहीत, दोर तिथेच तुटतो. वाखात तंतू एकमेकांना खरखरीतपणाने पकडून ठेवतात. प्लास्टिक गुळगुळीत असते, म्हणून पीळ जास्त लागतो, गाठ निसटते आणि टोकाला डाग देऊन ते वितळवून बंद करावे लागते. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही ही म्हण या दोराला लागू नाही. हा जळताना आधी पीळच जातो, आणि धूर नाकात जाईल इतक्या जवळ कोणी बसू नये.

गोफणीला अशा दोन दोऱ्या लागतात, साधारण दोन-दोन हात लांब. मध्ये पट्ट्यांचीच विणलेली झोळी. ती मधोमध थोडी फटीची ठेवली की गुंडा नीट बसतो. एका दोरीच्या टोकाला मधल्या बोटाचा फासा, दुसरीच्या टोकाला नुसती गाठ आणि त्यापुढे सोडलेला झुपका. डोक्यावर फिरवून गाठीचे टोक सोडले की गुंडा जातो आणि झुपका चाबकासारखा फाटकन वाजतो. जोंधळ्यावरची पाखरे निम्मी त्या आवाजानेच उठतात. माळ्यावर उभे राहून दिवसभर गोफण मारणारी ही राखणदार पोरे बहुतेक कोणाची असत? ज्यांचे स्वतःचे शेत नव्हते त्यांची. दुसऱ्याच्या कणसावरचे पाखरू हाकायचे आणि सुगीला खळ्यावर उरलेसुरले वेचायचे. शिबिरात आम्ही दगड वापरले नाहीत, ओल्या मातीचे गुंडे केले आणि मोकळ्या पडीक रानात एकेकाला सोडले. एका मुलीचा गुंडा सगळ्यांत लांब गेला. तिची आई सकाळी चारला कचरा वेचायला निघते.

प्लास्टिकच्या दोराबद्दल आमचे मत भाबडे नाही. उन्हात वर्षभर राहिला की त्याचा भुगा होतो आणि तो भुगा मातीत जातो. बैलाच्या मानेवर तो वाखापेक्षा जास्त काचतो. गोणीची दोरी केल्याने पर्यावरण वाचते वगैरे आम्ही म्हणणार नाही. महाराष्ट्रात 2018 मध्ये प्लास्टिकबंदी जाहीर झाली, तरी खत गोणीतच येते आणि गोणी शेवटी कोणाच्या तरी पाठीवरूनच हलते. आम्हाला राग आहे तो दुसऱ्या गोष्टीचा. शहरातल्या मोठ्या सोसायट्यांत 'टाकाऊतून टिकाऊ' म्हणून कार्यशाळा होतात, फी घेतात, दुधाच्या पिशव्यांच्या दोऱ्यांची पायपुसणी दोन दिवसांत विणून कला म्हणून फोटो टाकतात. त्यात गैर काहीच नाही. पण तो कचरा वेगळा करणारी बाई त्या सोसायटीत लिफ्टने वर जाऊ शकते का, एवढे विचारावे. हात बदलले की तेच काम कला होते, आणि आपल्या हातात असते तेव्हा ते जातीचे काम असते!

आपल्यातल्या मित्रांनाही एक कडू गोष्ट सांगायची आहे. दोराचा इतिहास हा 'त्यांच्या वाड्याचा' म्हणून आपण बौद्ध कार्यकर्त्यांनी बाजूला ठेवला. आपल्या व्याख्यानांत वतन येते, मेलेली ढोरे येतात, चवदार तळे येते. नाडा आणि केरसुणी येत नाही. अण्णा भाऊ साठ्यांनी 1959 मध्ये 'फकिरा' बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. आपण त्या अर्पणपत्रिकेचा अभिमान सांगतो आणि कादंबरी मातंगांनी वाचायची असे धरून चालतो. सर्वोच्च न्यायालयाचा उपवर्गीकरणाचा निकाल 2024 मध्ये आला तो नेमका 1 ऑगस्टला, अण्णा भाऊंच्या जयंतीच्या दिवशी. त्या निकालावर आपल्यात मतभेद आहेत, असोत. पण एकमेकांच्या हातांचा इतिहास माहीत नसताना होणारा वाद हा फक्त आकड्यांचा वाद होतो.

बाबांच्या प्रश्नावर आम्ही शिबिरातच रात्री बसून चर्चा केली. काही जण म्हणाले, बंद करा. ज्या दोराने आपल्याला बांधले तो मुलांच्या हातात नको. काही जण म्हणाले, ज्ञान आपले आहे, ते फेकून दिले तर दुसरा कोणीतरी त्याचे दुकान मांडेल. एका वेचणाऱ्या ताईने दोन्ही बाजूंना गप्प केले. तिने विचारले, "गोणी किलोवर विकली तर काय मिळतं ते मला माहीत आहे. दोरी वळून विकली तर काय मिळेल, ते सांगा." कोणालाच सांगता आले नाही. एक मुलगा आणि एक मुलगी यांना आम्ही ते मोजायला बसवले : एका गोणीला किती वेळ, किती हात दोरी, बाजारातली तेवढीच सुतळी कितीला. हिशोब अजून पूर्ण व्हायचा आहे. वेळेचा दर मजुरीने धरला तर दोरी परवडत नाही असे आत्ताच दिसते आहे, आणि तसे निघाले तर तसेच मुलांना सांगू.

तोवर पुढच्या शिबिरासाठी आम्ही एवढे ठरवले आहे. गोफणीच्या तासाला वस्तीतल्याच मुलांना बसवायचे नाही. शेजारच्या आळीतली, सगळ्या आडनावांची मुले बोलवायची आणि ती आली नाहीत तर तो तास घ्यायचा नाही. गोणी धुवायचे काम आणि झाडलोट पाळीने सगळ्यांकडे, त्यात पोरींवर जास्त टाकायचे नाही. दोरी वळण्याआधी बलुत्याचा तास, नंतर नाही. बाबांना आम्ही तो तास घ्यायची विनंती केली. ते म्हणाले, बोलायला येईन, पण दोराला हात लावणार नाही. आम्ही हो म्हणालो.